मानसशास्त्राची तोंडओळख करून घ्यायची आहे, घरच्या घरी करता येईल असा एखादा खरा प्रयोग आहे का?

आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचा 1960 मधला '2-4-6' प्रयोग. कागद, पेन आणि एक माणूस एवढंच लागतं.

समोरच्याला सांगा: "माझ्या मनात तीन आकड्यांचा एक नियम आहे. 2-4-6 त्यात बसतं. तू हवे तेवढे तीन-तीन आकडे सुचव, ते बसतात की नाही एवढंच मी सांगेन. पक्की खात्री झाली की नियम सांग." प्रत्येक वेळी आकडे आणि ते का निवडले, हे त्यालाच लिहायला लावा. खरी गंमत त्या 'का'च्या रकान्यात असते.

नियम अगदी साधा: चढत्या क्रमाचे कुठलेही तीन आकडे.

बहुतेक जण 8-10-12 विचारतात, मग 20-22-24, मग 100-102-104. दरवेळी "बसतं" ऐकू येतं आणि ते छातीठोकपणे सांगतात, "दोन-दोन वाढवत जायचं." चूक! वेसन यांच्या 29 विद्यार्थ्यांपैकी फक्त 6 जणांनी एकही चुकीचा नियम न सांगता उत्तर काढलं. नियम चुकला म्हटल्यावरही काही जण तोच नियम शब्द फिरवून सांगतात: "मधला आकडा दोन्हीकडच्यांची सरासरी."

अडतं कुठे? स्वतःच्या तर्कात बसणारेच आकडे विचारले, तर खरा नियम तर्कापेक्षा मोठा असताना "नाही" कधी येतच नाही. तर्काप्रमाणे बसायला नको असं काहीतरी विचारावं लागतं. उदाहरणार्थ 1-2-9. त्यालाही "बसतं" आलं की दोन-दोनचा तर्क तिथेच कोसळतो.

प्रयोग फसतो तो बहुधा घेणाऱ्यामुळे. "अगदी बरोब्बर!" म्हणू नका, हसू नका; सपाट आवाजात "बसतं" किंवा "बसत नाही", बस्स. चारचौघांत तर घेऊच नका, कुणीतरी उत्तर फोडतोच.

यावरून लगेच "लोक हट्टी असतात" असा निष्कर्ष मात्र काढू नका. जोशुआ क्लेमन आणि यंग-वॉन हा या संशोधकांनी 1987 मध्ये दाखवलं की तर्कात बसणारी उदाहरणं तपासणं ही एरवी कामाची पद्धत आहे. खरा नियम तर्कापेक्षा अरुंद असेल, तर त्याच पद्धतीने चूक पटकन सापडते. 2-4-6 ची मांडणीच अशी आहे की ती पद्धत इथे तोंडावर आपटते.

दुसऱ्या माणसावर हाच खेळ थोडा बदलून घ्या. "बसतं / बसत नाही" ऐवजी दोन नियम आहेत असं सांगा, 'डॅक्स' आणि 'मेड', आणि दोन्ही शोधायला लावा. 'डॅक्स' म्हणजे तोच चढता क्रम, 'मेड' म्हणजे चढत्या क्रमात नसलेलं सगळं. 1980 मध्ये संशोधक ट्वीनी आणि सहकाऱ्यांनी एवढाच बदल केला, तर पहिल्याच फटक्यात बरोबर उत्तर देणारे कितीतरी वाढले. कारण आता "नाही" म्हणजे नापास होणं राहत नाही, ते दुसऱ्या नियमाचं उदाहरण होतं.