1922 मध्ये जर्मनीने बोल्शेविक रशियाशी रापालोचा करार का केला?

कम्युनिस्टांना पाण्यात पाहणारे जर्मन राज्यकर्ते रशियाशी करार करायला कसे तयार झाले आणि 1939 च्या हिटलर-स्टालिन कराराचं मूळ रापालोत आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मला विचाराल तर रापालोमागे सगळ्यात जास्त काम केलं ते भीतीने. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या व्हर्सायच्या तहातल्या 116व्या कलमाने जर्मनीकडून युद्धभरपाई मागण्याचा रशियाचा हक्क राखून ठेवला होता. 132 अब्ज सुवर्ण मार्कांचा बोजा 1921 मध्येच जर्मनीच्या डोक्यावर बसला होता. त्यात आणखी एक धनको नको होता.

एप्रिल 1922 मध्ये युरोपची आर्थिक घडी बसवण्यासाठी इटलीत जेनोवाची परिषद भरली आणि ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज रशियनांशी वेगळी बोलणी करू लागले. जर्मनांना त्यातून वगळलं होतं. आता आपल्या जिवावर यांचं जमणार, असा त्यांनी धसका घेतला. खरं तर ती बोलणी झारच्या काळातल्या कर्जांवरून अडली होती! त्यातच 15 एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर रशियन शिष्टमंडळाचा फोन आला, सह्या करायला या म्हणून. परराष्ट्र खात्यातले माल्त्सान रशियाशी जुळवून घ्यावं या मताचे, तर परराष्ट्रमंत्री राथेनाऊ यांचा ओढा पश्चिमेकडे. राथेनाऊंच्या हॉटेलातल्या खोलीत रात्रीच्या कपड्यांवरच खल झाला आणि दुसऱ्या दिवशी, ऐन ईस्टरला, राथेनाऊ आणि रशियाचे परराष्ट्रमंत्री चिचेरिन यांनी जेनोवाजवळच्या रापालो गावी सह्या केल्या. राष्ट्राध्यक्ष एबर्टना आधी विचारलंही नव्हतं, याचा त्यांना राग आला.

दोघांनी एकमेकांची युद्धभरपाई सोडली, राजनैतिक संबंध पुन्हा जोडले आणि व्यापारात सवलती दिल्या. एकट्या पडलेल्या जर्मनीला बरोबरीने वागवणारा देश मिळाला, ही कमाई मी छोटी मानत नाही. पण परिषद चालू असताना असा बार उडवणं मला चूकच वाटतं. फ्रान्सचा संशय त्याने पक्का झाला. ज्यूद्वेष्ट्या अतिउजव्यांच्या डोळ्यांत आधीपासून सलणाऱ्या राथेनाऊंचा तर 24 जूनला बर्लिनमध्ये भर रस्त्यात खून झाला.

राहिला 1939 चा प्रश्न. त्या करारासोबत पोलंड वाटून घेण्याचा गुप्त मसुदा होता. रापालोत तसलं काही नव्हतं. लष्करी संधान मात्र वेगळ्या वाटेने चालू होतं. व्हर्सायने बंदी घातलेल्या विमानांचं प्रशिक्षण जर्मन वैमानिक 1925 पासून रशियातल्या लिपेत्स्कला घेत होते. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, 1933 मध्ये, तो तळ बंद झाला. म्हणून मी 1939 ला रापालोची पुढची पायरी मानत नाही.