‘समानार्थी’ की ‘पूर्वाश्रमीचे’? बुरशीच्या बदललेल्या नावाला काय म्हणायचं

सांगोल्याकडच्या एका डाळिंब बागायतदारांनी विचारलंय: दुकानातून पिठ्या ढेकणावर फवारायला एक पुडा आणला, त्यावर ‘व्हर्टिसिलियम लेकॅनी’. सोबतच्या माहितीपत्रकावर ‘लेकॅनिसिलियम लेकॅनी (समानार्थी: व्हर्टिसिलियम लेकॅनी)’. कृषी महाविद्यालयात शिकणारा पुतण्या म्हणतो, दोन्ही जुनं, आता ‘अकँथोमायसिस लेकॅनी’ म्हणतात. मागच्या वर्षी तर ही दोन वेगळी औषधं समजून त्यांनी दोन्ही घेतली आणि एकाच टाकीत कालवली. तर ही नावं समानार्थी आहेत का, आणि नसतील तर त्यांना मराठीत काय म्हणायचं?

टाकीत जे झालं त्यात पैसे सोडून काही वाया गेलं नाही, एकच बुरशी दुप्पट पडली. पण ‘समानार्थी’ हा शब्द मात्र तिथे साफ चुकलाय.

समानार्थी म्हणजे पाणी, जल, नीर. अर्थ एक, शब्द तीन, तिन्ही चलनात. आपण ‘पाणी प्यायलो’ म्हणतो आणि ‘जलसंपदा विभाग’ म्हणतो, एकामुळे दुसरा रद्द होत नाही. बुरशीच्या या तीन नावांचा अर्थ मुळात एक नाहीच. ‘व्हर्टिसिलियम’ लॅटिन ‘व्हर्टिसिलस’वरून आलं. सूत काततानाच्या चातीला गोल चकती असते, तिचं ते नाव. या बुरशीच्या दांड्याभोवती एकाच पेरापासून चहूकडे फुटणाऱ्या फांद्या पाहून कुणाला तरी ती चकती आठवली. ‘लेकॅनिसिलियम’ ही सरळ सांधेजोड आहे: लेकॅनियम, म्हणजे एका खवले किडीचं जुनं शास्त्रीय नाव, आणि त्याला व्हर्टिसिलियमचं शेपूट. ‘अकँथोमायसिस’मध्ये ग्रीक ‘अकांथा’ आहे, काटा. चाती, खवले कीड आणि काटा यांत समान अर्थ कुठून आणायचा? माहितीपत्रक लिहिणाऱ्यानं इंग्रजी मजकुरातला ‘सिनॉनिम’ पाहिला, शब्दकोश उघडला आणि पहिला शब्द उचलला. वर्गीकरणशास्त्रात ‘सिनॉनिम’ म्हणजे एकाच जीवाला दिलेली अनेक नावं, ज्यांतलं एका वेळी एकच बरोबर धरायचं. ‘पर्यायी नाव’ही म्हणूनच चालत नाही. पर्याय म्हटला की निवड आपली.

मग काय म्हणायचं? इथे दोन मराठी शब्द माझ्या कामी येतात. दोन्ही आपण सातबारावर आणि लग्नाच्या पत्रिकेत रोज पाहतो: ‘उर्फ’ आणि ‘पूर्वाश्रमीचे’.

माझ्या आत्याचं माहेरचं नाव कुसुम, लग्नात ठेवलेलं सुनंदा. आजोबांच्या जमिनीच्या कागदावर ती ‘कुसुम उर्फ सुनंदा’ आहे. ‘उर्फ’ अरबीतून फारसीमार्गे आलेला, ‘ओळखणे’ या धातूचा. दोन्ही नावांनी ओळखतात, दोन्ही चालतात. ‘पूर्वाश्रमीचे’ म्हटलं की मात्र ते नाव मागे टाकलेलं असतं, संन्याशाच्या घरच्या नावासारखं. माहिती म्हणून सांगायचं, त्या नावानं हाक मारायची नाही.

बुरशीशास्त्रात जवळजवळ शंभर वर्षं खरोखरच ‘उर्फ’चा कारभार होता. पुष्कळ बुरशांच्या दोन अवस्था असतात. एक अलैंगिक, नुसते बीजाणू उडवत पसरणारी. आपल्याला पानावर, भाकरीवर दिसते ती बहुधा हीच. दुसरी लैंगिक, क्वचित सापडणारी, दिसायला इतकी वेगळी की दोन्ही एकच आहेत हे कळायलाच कधी कधी पिढ्या गेल्या. तोवर दोघींची दोन नावं रूढ झालेली असायची. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेतलं ५९ वं कलम याला परवानगीच द्यायचं: अलैंगिक अवस्थेचं एक नाव, लैंगिक अवस्थेचं (आणि सबंध बुरशीचं) दुसरं. म्हणजे पिकाच्या रोगावर वापरतो ती ट्रायकोडर्मा उर्फ हायपोक्रिया. भाताला करपा आणणारी पायरिक्युलॅरिया उर्फ मॅग्नापोर्थे.

जुलै २०११ मध्ये मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये हे कलम बदललं आणि १ जानेवारी २०१३ पासून ‘एक बुरशी, एक नाव’ लागू झालं. डीएनए वाचून कोणती अवस्था कुणाची हे ठरवता येऊ लागल्यावर दोन नावं बाळगायला कारण उरलं नव्हतं. त्याच बैठकीत संहितेचं स्वतःचंही नाव बदललं, हे मला फार आवडतं: ‘वनस्पतींच्या नामकरणाची’ होती ती ‘शैवाल, कवक आणि वनस्पती यांच्या नामकरणाची’ झाली. कवक वनस्पती नाहीत हे मुखपृष्ठावर मान्य झालं. (कवक आणि बुरशी हाही असाच एक वाद. अळिंबीला ‘बुरशी’ म्हटलं की खाणारा दचकतो, म्हणून पुस्तकात कवक. पण शेतात बुरशीच म्हणतात, मीही तेच म्हणतोय.)

तेव्हा २०१३ आधीच्या लेखात दोन अवस्थांची दोन नावं दिसली तर त्यांना बिनधास्त ‘उर्फ’ म्हणा. त्यानंतर एक नाव राहिलं, दुसरं पूर्वाश्रमीचं झालं. कोणतं राहायचं? पूर्वी लैंगिक अवस्थेच्या नावाला मान होता, तो काढून घेतला. आता दोन्ही नावं समान पायरीवर धरून जुनं कोणतं, वापरात कोणतं, हे पाहतात आणि गरज पडल्यास जुनं नावही बाजूला ठेवतात. त्यामुळे ट्रायकोडर्मा वाचलं आणि हायपोक्रिया गेलं. तुमच्या ‘ट्रायको’च्या पुड्याला काही झालं नाही. भाताच्या करप्याचं जास्त गमतीचं. १८९२ पासून ती ‘पायरिक्युलॅरिया ओरायझी’. मग लैंगिक अवस्था सापडली आणि ‘मॅग्नापोर्थे ग्रिसिया’ म्हणू लागले. २००२ मध्ये भातावरची बुरशी वेगळी जात ठरून ‘मॅग्नापोर्थे ओरायझी’ झाली. आणि नवा नियम आल्यावर त्या विषयाच्या अभ्यासगटानं २०१६ मध्ये शिफारस केली ती परत पायरिक्युलॅरिया ओरायझीची. करप्यावरचं संशोधन शोधणाऱ्याला आजही तिन्ही नावं टाकावी लागतात. शेतकरी मात्र या सगळ्या काळात ‘करपा’च म्हणत होता.

आता तुमच्या लेकॅनीकडे. तिथे सगळं खापर नव्या नियमावर फोडता येत नाही. १८९८ मध्ये झिमरमाननं तिला ‘सेफॅलोस्पोरियम लेकॅनी’ म्हटलं. १९३९ मध्ये व्हिएगासनं व्हर्टिसिलियममध्ये नेलं. २००१ मध्ये झारे आणि गाम्स यांनी लेकॅनिसिलियम काढलं, कारण व्हर्टिसिलियम ही फांद्यांच्या आकारावरून जमवलेली खोगीरभरती होती. कापसाची मर करणारं व्हर्टिसिलियम आणि किडीला मारणारं व्हर्टिसिलियम यांचं नातं फार लांबचं निघालं. हे नातं कळल्यामुळे बदललेलं नाव, नियम बदलल्यामुळे नव्हे. २०१७ मध्ये मात्र दोन्ही कारणं एकत्र आली: डीएनएनं दाखवलं की लेकॅनी अकँथोमायसिसच्या घरातली आहे, आणि नव्या नियमानं एका घराला एकच पाटी लावायची होती. १८५८ पासूनची जुनी पाटी अकँथोमायसिसची, तेव्हा ती राहिली.

चार घरं बदलूनही ‘लेकॅनी’ तेच राहिलं हे पाहा. ती लॅटिनमधली षष्ठी आहे, ‘लेकॅनियमचं’. आपली षष्ठी पुढच्या नामाप्रमाणे चा-ची-चं करत वळते, लॅटिनची वळत नाही. विशेषण मात्र वळतं, अगदी पांढरा-पांढरी-पांढरं सारखं. डाळिंबाच्या सूत्रकृमीवर जे ‘पॅसिलोमायसिस लिलासिनस’ वापरता, ते २०११ मध्ये ‘पर्प्युरिओसिलियम लिलासिनम’ झालं. पॅसिलोमायसिस पुल्लिंगी, पर्प्युरिओसिलियम नपुंसकलिंगी, म्हणून ‘नस’चं ‘नम’. ती छपाईची चूक नाही.

आणखी एक खूण सांगतो. शास्त्रीय नावापुढे नाव देणाऱ्याचं नाव असतं. लेकॅनीपुढे झिमरमान कंसात येतो आणि कंसाबाहेर ज्यानं नव्या घरात नेलं तो. कंस दिसला की समजायचं, या बुरशीनं घर बदललंय.

पण प्रत्येक जोडीला ‘पूर्वाश्रमीचे’ही लावू नका. २००१ मध्ये व्हर्टिसिलियम लेकॅनीचं नुसतं स्थलांतर झालं नाही, वाटणीही झाली. युरोपात हरितगृहांसाठी त्या एकाच नावानं दोन उत्पादनं विकली जात होती, माव्यासाठी ‘व्हर्टालेक’ आणि पांढऱ्या माशीसाठी ‘मायकोटाल’. वाटणीनंतर पहिलं निघालं लेकॅनिसिलियम लाँगिस्पोरम, दुसरं लेकॅनिसिलियम मस्केरियम. ‘ट्रायकोडर्मा व्हिरिडी’चंही तसंच. त्या नावानं जमवलेल्या पुष्कळ बुरशा तपासल्यावर ‘ट्रायकोडर्मा अॅस्परेलम’ निघाल्या. इथे नाव बदललेलं नाही, ओळखच चुकली होती. शेजाऱ्याला चुकून दुसऱ्याच माणसाच्या नावानं हाक मारत आलो, तर ते त्याचं पूर्वाश्रमीचं नाव होत नाही.

दवाखान्यात हा घोळ जास्त महाग पडतो. माणसाला आजारी पाडणारी ‘कँडिडा क्रुसेई’ म्हटलं की डॉक्टरांच्या डोक्यात लगेच येतं, फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध चालणार नाही. तीच आता ‘पिचिया कुद्रियावझेवी’ आहे. अहवालात नुसतं नवं नाव गेलं तर ती जुनी आठवण त्याच्यासोबत जात नाही, म्हणून तिथे दोन्ही नावं लिहिणंच बरं.

राहता राहिलं तुमचं माहितीपत्रक. आपल्याकडे अशा पुड्यांची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते आणि लेकॅनीची नोंदणी व्हर्टिसिलियम याच नावानं आहे. त्यामुळे शास्त्र पुढे गेलं तरी पुड्यावर जुनं नाव राहणार, त्यात फसवणूक काही नाही. बारीक अक्षरातला स्ट्रेनचा, म्हणजे बुरशीच्या त्या विशिष्ट वाणाचा, नंबर मात्र पाहत जा. पुण्यात आघारकर संस्थेत बुरशांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे किंवा अशाच दुसऱ्या संग्रहात ठेवलेल्या स्ट्रेनचा नंबर नाव चारदा बदललं तरी तोच राहतो. पुढच्या वेळी दोन पुडे हातात आले तर टाकी भरण्याआधी ते दोन नंबर शेजारी धरा. पत्रक माझ्याकडे आलं असतं तर ‘समानार्थी’ खोडून, कायद्यातलं नाव आधी ठेवून, ओळ अशी केली असती: ‘व्हर्टिसिलियम लेकॅनी (२००१ मधले नाव: लेकॅनिसिलियम लेकॅनी; २०१७ मधले: अकँथोमायसिस लेकॅनी)’.