दुर्बीण नंतर, आधी माउंट

भाऊ, ताऱ्यांचे फोटो काढायचे म्हणतोस, तर आठ इंची दुर्बिणीचा विचार सध्या बाजूला ठेव. पैसा आधी माउंटवर घाल, म्हणजे दुर्बीण किंवा कॅमेरा आभाळाबरोबर फिरवणाऱ्या स्टँडवर. आभाळ सेकंदाला 15 आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकतं. माउंटनं ते नीट पकडलं नाही तर तारे तांदळासारखे लांबट येतात. तुझा डीएसएलआर, 135 मिमीची लेन्स आणि साधा ट्रॅकर, म्हणजे कॅमेऱ्यापुरता छोटा माउंट, पुरे. ट्रॅकर ध्रुवताऱ्याच्या रोखानं लावावा लागतो. आपल्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम 21 अंशांवर, बांधावरची एक बाभूळही त्याला झाकते. जागा दिवसाच पाहून ठेव.

पहिलं लक्ष्य मृगातला एम 42 हा तेजोमेघ. मिनिटाभराचे साठ फोटो, लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाचे वीस काळे फोटो (डार्क, कॅमेऱ्याचे ठिपके वजा करायला), मग सगळे संगणकावर एकत्र करायचे, म्हणजे स्टॅकिंग. तेजोमेघाचा गाभा फोटोत जळून पांढराफटक होतो, म्हणून दहा सेकंदांचेही थोडे घे.

खरी कटकट दवाची. ओलिताच्या गव्हाशेजारी मी एकदा रात्रभर फोटो काढले. सकाळी पाहतो तर रात्री दहानंतरचे सगळे धुरकट! लेन्सला पाणी सुटलं होतं. तेव्हापासून पॉवर बँकेवरचा ड्यू हीटर, म्हणजे लेन्सला ऊब देणारा पट्टा, गुंडाळतो. आणि रात्री थ्री फेज आली की शेजारचा माणूस बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला येणारच. चिडू नको. त्याला चहा पाज, बायनॉक्युलरमधून गुरूचे चंद्र दाखव. पुढच्या वेळी तो बॅटरी खाली धरून येतो.