जाऊबाईंचं दूध बाळाला द्यावं का? आधी एवढं बघा

ताई, बाळ अकरा दिवसांचं, दूध कमी पडतंय असं वाटतंय, पाच महिन्यांचं बाळ असलेल्या जाऊबाई पाजायला तयार आहेत, सासूबाईंचा होकार आहे आणि तुमचं मन मात्र घेत नाही. मन न घेण्यात चुकीचं काही नाही. शंभूराजांना धाराऊंनी दूध पाजलं हे आपण अभिमानाने सांगतो, पण स्वतःच्या बाळावर वेळ आली की "ते तिचंच होऊन बसेल" म्हणून जिवाची घालमेल होतेच. मुंब्र्या-भिवंडीच्या मुस्लिम घरांत तर अशी मुलं दूधभावंडं ठरतात, त्यांचं आपसात लग्न होत नाही, म्हणून तिथे आधी घरात बोलून घेतात.

पण आधी हे बघा, दूध खरंच कमी आहे का? चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, दोन आठवड्यांच्या आत जन्माचं वजन परत आलेलं आणि पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढ, एवढं असेल तर दूध पुरतंय. संध्याकाळी बाळ किरकिरतं, सारखं अंगावर मागतं, ते कमी दुधाचं लक्षण नाही. शू कमी असेल किंवा बाळ मलूल असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

वरचं दूध लागणारच असेल तर जाऊबाईंची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची) तपासणी नव्याने करा. गरोदरपणातले रिपोर्ट आता जवळजवळ वर्षभर जुने असतील, ते धरू नका. जुना खोकला, टीबीची औषधं, चालू गोळ्या विचारा. मिश्रीचं वेगळं विचारा, कारण घरात ती तंबाखूत कोणी मोजत नाही. आणि त्यांच्या बाळाचं पोट आधी भरायला हवं.

थेट पाजणं मनाला पटत नसेल तर काढलेलं दूध बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने द्या. बहुतेक आयांना हे सोपं जातं, आणि मला विचाराल तर तुमच्या बाबतीत हेच बरं, कारण असं दूध तापवताही येतं. ५० मिली दूध काचेच्या स्वच्छ, उघड्या बरणीत घ्या. बरणी लहान पातेल्यात ठेवून दुधाच्या पातळीच्या दोन बोटं वर येईल इतकं गार पाणी घाला. मोठ्या आचेवर पाण्याला खळखळून उकळी फुटली की बरणी लगेच बाहेर काढा आणि झाकून गार करा. एचआयव्ही यात निष्प्रभ होतो, तरी रक्ततपासणी टाळायची नाही. दूध थेट गॅसवर उकळू नका, मायक्रोवेव्ह तर नकोच. आपल्याकडच्या उकाड्यात काढलेलं दूध बाहेर न ठेवता लगेच फ्रीजमध्ये आत, मागच्या बाजूला ठेवा. दारात नको.

गाडी अडते ती इथे: जाऊबाईंचं दूध सुरू झालं की तुमच्या छातीत दूध साठून राहतं, आणि साठलं की शरीर बनवणं कमी करतं. म्हणून क्रम सोडू नका. आधी दोन्ही बाजूंना तुमच्या अंगावर, मग लागेल तेवढं वरचं दूध, आणि त्यानंतर हाताने किंवा पंपाने दहा-पंधरा मिनिटं स्वतःचं दूध काढायचं. दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा, त्यात रात्रीची एक वेळ हवीच. तीन किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ४५० मिली, म्हणजे आठ वेळा मिळून दर वेळी ५५ मिली लागतं. त्यातलं बरंचसं तुमचंच मिळत असेल, तर वरचं २०-३० मिलीच द्या. पोट गच्च भरलं तर पुढच्या वेळी बाळ अंगावर ओढणार नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर कोणी गोठवलेली पाकिटं देऊ केली तर घेऊ नका. ते दूध कोणाचं, वाटेत किती वेळ वितळलेलं होतं, काही कळत नाही. विकत तर नाहीच. आईच्या दुधाची विक्री चालणार नाही हे एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दूधपेढी सुरू केली, आशियातली पहिली. पेढीतलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं पाश्चराइज होतं आणि मुख्यतः एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना जातं. घरच्या धडधाकट बाळासाठी ते मिळेल असं धरून चालू नका. उलट जाऊबाईंना दूध उरत असेल तर तिथे देता येईल का, ते आधी फोन करून विचारा.