मेसोपोटेमियातले (आजचा इराक) 'कुदुर्रू' दगड, म्हणजे जमीनदानाचे कोरीव दगड, खरंच शेताच्या बांधावर रोवलेले असत का?

नाही, बहुतेक कुदुर्रू बांधावर नव्हे, देवळात ठेवलेले असत. 'कुदुर्रू' या अक्कादी (तिथल्या प्राचीन भाषेतल्या) शब्दाचा अर्थ हद्द, म्हणून संशोधकांनी सुरुवातीला त्यांना 'सीमाशिला' म्हटलं आणि तेच नाव रुळलं. पण कोरीव लेखांमध्ये हे दगड स्वतःला बहुधा 'नरू', म्हणजे शिलालेख, म्हणवतात. बॅबिलोनियावर (दक्षिण मेसोपोटेमियावर) राज्य करणाऱ्या कॅसाइट राजांच्या काळापासून (इ. स. पू. १४वं शतक) पुढे सुमारे ७०० वर्षं ते तिथे कोरले गेले. राजानं कुणाला, किती जमीन दिली, चतुःसीमा काय, करमाफी कोणती, साक्षीदार कोण, हे सगळं त्यावर असतं. वरच्या भागात देवांची चिन्हं: सिनची चंद्रकोर, शमशची सूर्यचकती, इश्तारचा तारा, गुलाचा कुत्रा. देवच जामीन, म्हणून दगड देवळात. खरी गंमत शापांत आहे. दान मोडणाऱ्याला तर शाप आहेच, पण जो दगड पाण्यात टाकेल, मातीत पुरेल, जाळेल, किंवा आंधळ्या-बहिऱ्याला वा वेड्याला पुढे करून हे करवून घेईल, त्यालाही तोच शाप! इतक्या पळवाटा बुजवल्यात, म्हणजे जमिनीचे तंटे किती चालत असतील ते कळतं. एक मात्र लक्षात घ्या: बरेच कुदुर्रू मूळ जागी सापडलेलेच नाहीत. शेजारच्या एलामच्या (आजचा नैर्ऋत्य इराण) राजांनी इ. स. पू. १२व्या शतकात कित्येक लुटून आपल्या सूसा शहरात नेले, ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. त्यामुळे एखादा दगड शेतातही उभा असण्याची शक्यता पूर्ण नाकारता येत नाही.