वरच्या मजल्यावरील टीव्ही आणि गेम कन्सोलपर्यंत घरचे नेटवर्क कसे न्यावे?

राउटर तळमजल्यावर असल्यास वाय-फाय रिपीटरऐवजी (वाय-फाय सिग्नल पकडून पुढे पाठवणारे उपकरण) कॅट ६ ही नेटवर्क केबल वर न्यावी आणि तिच्या टोकाला पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (एका केबलवर अनेक उपकरणे जोडून देणारा डबा) जोडून सर्व उपकरणे त्यावर घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे. एकाच बँडवर (रेडिओ लहरींच्या एकाच पट्ट्यावर) चालणारा रिपीटर तीच माहिती दोनदा प्रसारित करतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. केबलला १०० मीटरपर्यंत ही अडचण नाही. अनेक टीव्हींचा लॅन पोर्ट (नेटवर्क केबल जोडण्याची जागा) १०० एमबीपीएसचाच असतो, पण ४के स्ट्रीमिंगला तो पुरतो. वर वाय-फायही हवे असेल, तर जुन्या राउटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील क्रमांक) बदलून, डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी पत्ते देणारी सोय) बंद करून केबल त्याच्या लॅन पोर्टमध्येच जोडावी. अन्यथा दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि फोनला टीव्ही सापडत नाही.