काय टाकलंय ते बघ

गो चेडवा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. एवढं उत्तर फोनवर बोटानं लिहिणं मला जमणार नाही, म्हणून कागद घेतलाय.

सरांनी वर्गात जपानी नो नाटकाची फिल्म दाखवली आणि सगळे गप्प होऊन बघत बसले, हे चांगलंच झालं. मग तू आपल्या दशावताराचा, कोकणातल्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या नाटकाचा, विषय काढलास आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "एका बाकड्यावर नाटक?" हसणाऱ्यांचं मला काही वाटलं नाही. तू काय उत्तर दिलंस ते खटकलं. "आमच्याकडे पैसे नव्हते ना," म्हणे! कुडाळातली मुलगी तू. लहानपणी जत्रेत रात्र रात्र जागलेली.

आता निबंध लिहायचाय, पौर्वात्य आणि पाश्चात्त्य कला, आणि सुरुवात कुठून करू म्हणून विचारतेस. रससिद्धान्त आधी वाचू की युरोपातले वाद? काहीही वाच. पण कुठल्याही कलेसमोर उभी राहिलीस की पहिला प्रश्न एकच विचार : हिनं काय टाकलंय? काय आहे ते डोळ्यांना दिसतंच. काय मुद्दाम नाकारलंय ते शोधावं लागतं.

तुझ्या नो नाटकानं काय टाकलं? चेहरा. मुख्य नट लाकडी मुखवटा लावतो, आणि मुखवट्याशिवाय उभा राहिला तरी चेहरा हलवत नाही. मुखवटा जरा वर उचलला की उजळतो, खाली झुकवला की त्याच्यावर मळभ येतं. मागे भिंतीवर रंगवलेलं एक पाइनचं झाड, नाटक कुठलंही असो. त्याला तुझ्या वर्गातला कोणी गरिबी म्हणाला नाही. मग आमच्या बाकड्यालाच का?

ते बाकडं सिंहासन होतं, पर्वत होतं, त्याच्यावर राजा झोपला की पलंग होतं. लिहिलेली संहिता नाही. आख्यान कुठलं ते संध्याकाळी ठरतं आणि रात्री राजपार्टी आणि खलपार्टी, म्हणजे राजा आणि खलनायक करणारे नट, समोरासमोर आले की शब्दाला शब्द तिथल्या तिथे. मागे पेटी, पखवाज, झांज. देखावा टाकला म्हणून सगळा भार जिभेवर आणि कानावर आला. पैसे नव्हते हे खरं असेलही. पण आज कंपन्यांकडे गाड्या आहेत, माइक आहेत, दिवे आहेत. काहींनी ट्रिकसीन सुरू केले, धूर काढतात, राक्षस हवेत उडवतात. माझ्या मते त्या दिवसापासून संवाद आखडले. लोक टाळ्या धुराला देतात. हे लिहिलं की माझ्याशी भांडायला इथले चार जण येतात, येऊ देत.

आणि हे फक्त मीच म्हणतो असं नाही. १९३५ साली मेइ लानफांग हा चिनी नट मॉस्कोला गेला. बीजिंग ऑपेराचा, स्त्रीभूमिका करणारा. त्यांच्याकडे रंगमंचावर एक टेबल आणि दोन खुर्च्या. नटाच्या हातात चाबूक आला की तो घोड्यावर बसला असं समजायचं. ते जर्मन नाटककार ब्रेख्तनं बघितलं आणि पुढच्या वर्षी त्यावर लेख लिहिला. वास्तवाचा हुबेहूब आभास करण्याला वैतागलेला तो माणूस, त्याला हवं होतं ते चिनी नटापाशी सापडलं. आमच्या स्त्रीपार्ट्याला बघून तू मान खाली घातलीस, आणि ब्रेख्त तसल्याच नटाला बघून कागद घेऊन बसला. विचार कर जरा.

आता उलट्या बाजूला जा, नाहीतर तू पूर्वेचं तेवढं थोर असं काहीतरी लिहिशील. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं रोममधल्या चर्चमधलं चित्र काढ, सेंट मॅथ्यूला बोलावणं आलं ते. १५९९-१६०० चं. वरचा अर्धा भाग बघ. जवळजवळ काही नाही, भिंत, काळोख आणि एक खिडकी, जिच्यातून उजेडसुद्धा येत नाही. एवढा मोठा कॅनव्हास आणि अर्धा टाकून दिला! म्हणून तो उजवीकडून येणारा उजेड आणि तो ख्रिस्तानं पुढे केलेला हात दिसतो. पिंगुळीच्या चित्रकथीत याच्या नेमकं उलटं, तिथे सावलीच टाकलीय. मोठे डोळे, ठसठशीत रेषा, कारण चित्र दाखवताना बाजूला माणूस गाणार आहे. उरलेलं त्यानं सांगायचं. आपल्या रागसंगीतानं स्वरांचे थर नाकारले आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ठेवली, त्यांच्या सिंफनीनं मींड जवळपास टाकली आणि थर रचले. बॅलेनं जमीन टाकली, नर्तकी बोटांच्या टोकावर. भरतनाट्यमवाली गुडघे वाकवून पाय त्याच जमिनीवर आपटते. काय टाकलं, काय टाकलं, हेच विचारत जा. एकीनं ठेवलेलं दुसरीत नाही म्हणून दुसरीला नावं ठेवायची, एवढंच लोक करतात आणि त्याला समीक्षा म्हणतात.

आणि पूर्व-पश्चिम ही भिंतही फार मनावर घेऊ नकोस. जपानी चित्रकार होकुसाईची लाट, १८३१ च्या सुमाराची, मांडीवर मावेल एवढी छापाची प्रत. तिच्यातला निळा रंग युरोपातून आलेला, फुजी डोंगर दूर बारीक दिसतो ती दृष्टी डच चित्रांतून. पुढे १८८७ मध्ये व्हॅन गॉख हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराचा पावसातला पूल तैलरंगात उतरवत बसला. आपल्या दशावतारातली पेटीसुद्धा मूळची फ्रान्सची, पण तसं पेटीवाल्या बुवांना सांगून बघ!

मी हे सगळं छापील चित्रांवरून शिकलो. रोम राहिलं. मुंबईला जाहिरात कंपनीत नोकरी मिळत होती, घेतली नाही. हायस्कुलात एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांचे स्थिरचित्राचे कागद तपासत वय गेलं. माझ्या बरोबरीच्यांची मुंबईत जहांगीर कलादालनात प्रदर्शनं लागली. लोक विचारतात, काय मिळवलंत? मी म्हणतो, काय टाकलं ते विचारा. तुझी काकू म्हणते, टाकलं नाही, राहिलं. तिच्याशी या एका बाबतीत माझं कधी जमलं नाही. मुंबईत राहिलो असतो तर आंगणेवाडीच्या जत्रेला दरवर्षी रजा काढून आलो असतो, पाहुण्यासारखा. रंगपटात आरशासमोर बसलेल्या राजाची रेखाटनं तर झालीच नसती. ती कोणी विकत घेत नाही. नकोच घेऊ देत.

तर निबंध असा लिही : एकच दशावतार, एकच नो, एकच ते काराव्हाज्जो. पंधरा नावं नकोत. प्रत्येकानं काय टाकलं आणि त्यामुळे काय वर आलं, एवढंच. ते "पैसे नव्हते" वाक्य वर्गात स्वतः उठून मागे घे, माझ्यासाठी नाही, त्या मागच्या बाकावरच्यासाठी. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की ये, नेतो. ट्रिकसीनवाल्या नाटकाला मात्र नेणार नाही. आणि निबंधाचा कच्चा खर्डा आधी मला पाठव. त्यात "समृद्ध वारसा" असं कुठे दिसलं तर न वाचता परत पाठवीन.

तुझे,
ड्रॉइंगचे सर